जीन हॅकमन आणि अष्टपैलुत्वाची चुकीची मापे

अमेरिकन नट जीन हॅकमन फेब्रुवारी २०२५ मध्ये ९५ वर्षांचा असताना वारला. त्याच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या निघू लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही पुन्हा वर आला: हा नट खरोखर अष्टपैलू होता का? एका पक्षाचे म्हणणे असे की ज्याचा चेहरा, ज्याची चाल आणि ज्याचे बोलणे चाळीस वर्षांत फारसे बदलले नाही त्याला चांगला नट म्हणावे, अष्टपैलू म्हणू नये. त्यांच्या मते तो मान भूमिकेसाठी वीस-पंचवीस किलो वजन घटवणाऱ्यांचा किंवा वाढवणाऱ्यांचा, खोटे नाक लावून ओळखू न येणाऱ्यांचा आहे. दुसरा पक्ष हॅकमनच्या बाजूचा आहे, पण तो चित्रपटांचे प्रकार मोजत बसतो. पोलिसपट झाला, वेस्टर्न झाला, पाणबुडीतला थरारपट झाला, प्रहसन झाले, 'सुपरमॅन'मधला लेक्स लूथर झाला, म्हणजे अष्टपैलुत्व सिद्ध झाले, असा त्याचा हिशेब. मला दोन्ही बाजूंची मांडणी सारखीच उथळ वाटते, कारण दोघेही जे डोळ्यांना चटकन दिसते तेवढेच मोजतात आणि पडद्यावर जो माणूस उभा राहिला त्याच्याविषयी काहीच बोलत नाहीत.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हॅकमन हा त्याच्या पिढीतला सर्वांत अष्टपैलू अमेरिकन चित्रपट-नट होता, आणि ते त्याच्या वेषांतरांवरून किंवा चित्रपटांच्या विविधतेवरून ठरत नाही. तोच देह, तोच आवाज आणि तेच हसू घेऊन त्याने अशी माणसे उभी केली की ज्यांचा राग वेगळ्या ठिकाणी दडलेला असतो, ज्यांना लाज वेगळ्या गोष्टींची वाटते आणि जी खोटे वेगवेगळ्या कारणांनी बोलतात. नटाच्या आवाक्याचे माप हे असायला हवे. हे माप मान्य केले तर त्याच्या सर्वोत्तम चित्रपटांचा नेहमीचा क्रमही बदलतो. बहुतेक याद्यांत पहिला असणारा 'द फ्रेंच कनेक्शन' माझ्या मते पहिला येत नाही. पहिला येतो 'द कॉन्व्हर्सेशन', त्याच्या पाठोपाठ 'अनफरगिव्हन', आणि मग आजही पुरेसा न पाहिला गेलेला 'स्केअरक्रो'.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मान्य केला पाहिजे. शरीर बदलणे हे ढोंग नव्हे. 'रेजिंग बुल' (१९८०) या चित्रपटासाठी रॉबर्ट डी नीरोने सत्तावीस-अठ्ठावीस किलो वजन वाढवले. त्या थुलथुलीत देहातून उतरणीला लागलेल्या मुष्टियोद्ध्याची जी केविलवाणी घमेंड दिसते ती कापसाच्या गाद्या बांधून दिसली नसती. 'माय लेफ्ट फूट' (१९८९) या चित्रपटात फक्त डावा पाय ताब्यात असलेला माणूस साकारताना डॅनियल डे-लुईसने आपल्या स्नायूंना जी शिस्त लावली, ती त्या भूमिकेचा गाभाच होती. अशा कामामागच्या कष्टांची टवाळी करणारे लोक मला आवडत नाहीत. प्रश्न कष्टांचा नाहीच. त्या कष्टांवरून आपण नेमका काय निष्कर्ष काढतो, हा प्रश्न आहे. वजनाचा फरक दोन छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवता येतो, बातमीत छापता येतो, पुरस्काराच्या प्रचारात वापरता येतो. एका माणसाची लाज दुसऱ्या माणसाच्या लाजेपेक्षा वेगळी कशी हे छायाचित्रात दाखवता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट चर्चेत राहते आणि दुसरी राहत नाही. 'डार्केस्ट अवर' (२०१७) या चित्रपटासाठी गॅरी ओल्डमनला अभिनयाचे ऑस्कर मिळाले आणि त्याला चर्चिल बनवणाऱ्या रंगभूषाकारांना त्यांच्या कामाचे वेगळे ऑस्कर मिळाले. दोन कला वेगळ्या आहेत हे अकादमीच्या पुरस्कारांच्या रचनेतच मान्य केलेले आहे; आपण प्रेक्षक मात्र दुसऱ्या कलेचे गुण पहिलीच्या खात्यात घालतो. त्याच ओल्डमनने 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (२०११) मध्ये साकारलेला गुप्तहेर जॉर्ज स्मायली, जो चष्मा पुसण्यापलीकडे क्वचितच काही करतो, मला त्याच्या चर्चिलपेक्षा कितीतरी अवघड आणि कितीतरी मोठे काम वाटतो.

हा वाद चित्रपटांपेक्षा जुना आहे. जून १८९५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर काही दिवसांच्या अंतराने फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट आणि इटालियन नटी एलिओनोरा डूझे या दोघींनी जर्मन नाटककार झुडरमानच्या नाटकातली माग्दाची एकच भूमिका केली. बर्नहार्ट ही युरोपातली सर्वांत प्रसिद्ध नटी होती: रंगभूषा, पोशाख, आवाजाचे चढउतार, सगळे दिपवून टाकणारे. डूझे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या न लपवता रंगमंचावर यायची. बर्नार्ड शॉने तेव्हा नाट्यसमीक्षक म्हणून जो निवाडा दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. त्याच्या मते दिखाऊ साधने बर्नहार्टकडे होती, पण खरा आवाका डूझेचा होता, कारण तिची प्रत्येक भूमिका स्वतंत्रपणे घडलेली असे, तर बर्नहार्ट प्रत्येक भूमिकेच्या जागी स्वतःलाच आणून बसवत असे. नाटकात माग्दाची आपल्या मुलाच्या बापाशी अनेक वर्षांनी गाठ पडते तेव्हा डूझेच्या चेहऱ्यावर जी लाली चढली, तिच्याविषयी शॉने लिहिले आहे. त्या प्रसंगी रंगभूषा कितीही भारी असती तरी काय उपयोगाची होती? उलट तिच्याखाली ती लाली झाकली गेली असती.

हॉलिवूडनेही हे एकदा अनुभवले आहे. १९३० च्या दशकात वॉर्नर ब्रदर्सच्या पडद्यावर पॉल म्युनी हा 'मिस्टर पॉल म्युनी' म्हणून झळकत असे. दाढ्या, टोप, वेगवेगळे उच्चार घेऊन त्याने लुई पाश्चर उभा केला आणि ऑस्कर मिळवले, एमिल झोला उभा केला, 'द गुड अर्थ'मध्ये तर चिनी शेतकरीही उभा केला. त्या काळी अष्टपैलुत्व म्हणजे म्युनी असे समीकरण होते. आज त्याचे कोणते चित्रपट जिवंत वाटतात? 'स्कारफेस' आणि 'आय अ‍ॅम अ फ्यूजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग', दोन्ही १९३२चे. त्यांतल्या दुसऱ्यात तर म्युनी जवळजवळ स्वतःच्याच चेहऱ्याने वावरतो. रंगभूषेची वाहवा तिच्या काळाबरोबर ओसरते, कारण पुढच्या पिढीकडे तिच्याहून चांगली रंगभूषा असते.

हॅकमनकडे वेषांतर करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. कॅलिफोर्नियात १९३० मध्ये जन्म, इलिनॉयमधल्या डॅनव्हिल या गावात बालपण, सोळाव्या वर्षी वय खोटे सांगून मरीन दलात भरती. तिशी जवळ आल्यावर तो पासाडीना प्लेहाउसमध्ये अभिनय शिकायला गेला, तेव्हा त्याच्यावर आणि डस्टिन हॉफमनवर 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' असा शिक्का बसला. चेहरा एखाद्या कारखान्यातल्या मुकादमाचा, केस विरळ, देह आडवा. पण त्याच्या आयुष्यातली एक हकिकत तो स्वतः सांगत असे, आणि त्याचा अभिनय समजून घेण्यासाठी मला ती फार मोलाची वाटते. तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील घर सोडून गेले. तो रस्त्यावर खेळत होता, वडील गाडीतून शेजारून गेले, जाताना त्यांनी फक्त हात हलवला. त्या एका हालचालीत निरोप होता हे त्या मुलाला कळले. एवढ्याशा हावभावात केवढे सामावू शकते हे आपल्याला तेव्हा कळले आणि कदाचित म्हणूनच आपण नट झालो, असे तो म्हणत असे. त्याच्या चांगल्या चित्रपटांत तो याच मापाने काम करतो.

त्याचे हसू घ्या. हॅकमनचे हसू एकच होते: तोंड किंचित तिरके, घशातून निघणारा बसका, आपुलकीचा वाटणारा आवाज. 'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) मध्ये तो त्याच प्रांतातला माजी शेरीफ आणि आता एफबीआयचा माणूस असलेला अँडरसन आहे, आणि तिथे हे हसू म्हणजे खेड्यातल्या माणसाला बोलते करण्याची युक्ती आहे. ती युक्ती आहे हे त्याला माहीत आहे आणि आपण ज्यांच्याकडून ती शिकलो त्यांची लाजही त्याला आहे. आपल्या बापाने एका कृष्णवर्णीय शेजाऱ्याचे खेचर द्वेषाने मारले, ही गोष्ट सांगताना ते हसू पूर्ण मावळते आणि मग आधीच्या सगळ्या हसण्यांचा अर्थ बदलतो. या चित्रपटाने नागरी हक्कांच्या लढ्यात कृष्णवर्णीयांना बाजूला सारून गोऱ्या पोलिसांना नायक केले, ही टीका मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळेच मी तो त्याच्या पहिल्या पाच चित्रपटांत धरत नाही. पण भूमिकेचे काम तिथे थक्क करणारे आहे.

आता तेच हसू चार वर्षांनी 'अनफरगिव्हन'मध्ये पाहा. हिंसक चित्रपट आता नकोत म्हणून हॅकमनने ही भूमिका आधी नाकारली होती. क्लिंट ईस्टवुडने त्याला राजी केले. लिटल बिल डॅगेट हा शेरीफ गावात शस्त्रे आणू देत नाही, स्वतःच्या हातांनी घर बांधतो आहे आणि त्या घराचे छप्पर गळते. तुरुंगाच्या प्रसंगात तो कैदेत टाकलेल्या इंग्लिश बॉब या बंदूकबाजाच्या चरित्रकाराला बंदुकीच्या लढायांतले खरे-खोटे समजावून सांगत असतो. बोलता बोलता तो आपले पिस्तूल त्या घाबरट लेखकाच्या हातात देतो आणि म्हणतो, झाड गोळी. लेखकाला जमत नाही. मग ते गजांआडच्या बॉबला देऊन बघ, असे तो सुचवतो. बॉब पिस्तूल घेत नाही, आणि नंतर लिटल बिल ते उघडून दाखवतो: गोळ्या भरलेल्याच होत्या. या सबंध प्रसंगात हॅकमन आवाज चढवत नाही. तो एखाद्या हौशी शिक्षकासारखा खूश आहे. त्याला आपण मोकळे, न्यायी आणि गमत्या वाटतो, आणि म्हणूनच तो इतका भयंकर आहे. मरताना त्याची तक्रारही तीच असते, की हे आपल्या वाट्याला यायला नको होते, आपण तर घर बांधत होतो. खलनायक करणाऱ्या नटांना सहसा एक गोष्ट जमत नाही: स्वतःच्या चांगुलपणावर मनापासून विश्वास असलेला माणूस उभा करणे. या भूमिकेला १९९२चे सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, आणि ते पूर्णपणे रास्त होते.

या हसऱ्या माणसांसमोर 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) मधला हॅरी कॉल ठेवला की माझा मुद्दा स्पष्ट होतो, कारण हॅरी जवळजवळ हसतच नाही. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या या चित्रपटात तो सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा, इतरांची संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित करून देणारा तंत्रज्ञ आहे. पाऊस नसतानाही अंगात अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा रेनकोट, जाड चौकटीचा चष्मा, मिशी. वेषांतर म्हणावे तर एवढेच. सुरुवातीलाच तो घरी येतो, दाराची एकेक कुलपे उघडतो आणि आत त्याला वाढदिवसाची भेट म्हणून ठेवलेली बाटली दिसते. घरमालकिणीकडे आपली किल्ली आहे हे त्याला तेव्हा समजते. तो तिला फोन करतो. बोलता बोलता अंगावरची पँट काढत असतो, आवाज अतिशय सभ्य ठेवतो, आभारही मानतो. आणि सांगतो की घरातले सगळे जळून गेले तरी मला काही वाटणार नाही, कारण माझ्याकडे खासगी असे काही नाहीच, फक्त या किल्ल्या तेवढ्या माझ्याकडेच असाव्यात. एका माणसाचा सारा एकाकीपणा, त्याची भीती आणि त्याचा ताठा त्या फोनवरच्या सौजन्यात भरलेला आहे. 'द फ्रेंच कनेक्शन'मधल्या तापट पोलीस पोपाय डॉयलला जर कोणी असे खिजवले असते तर त्याने दार लाथेने उघडले असते. तो राग हॅरीतही आहे, पण हॅरीने तो गिळून इतका आत नेला आहे की शेवटी तो स्वतःच्याच घराच्या भिंती आणि जमीन उचकटण्यात बाहेर पडतो. एप्रिल १९७४ मध्ये हा चित्रपट आला आणि त्याच ऑगस्टमध्ये ध्वनिफितींच्या प्रकरणात अडकलेल्या निक्सनला राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे तो काळाचा दस्तऐवज म्हणून नेहमी वाखाणला जातो. मला मात्र तो पन्नास वर्षांनंतरही ताजा वाटतो तो हॅरीमुळे. कामात इतका चोख आणि स्वतःच्या विवेकापुढे इतका हतबल माणूस अमेरिकन चित्रपटांत मी दुसरा पाहिलेला नाही.

इथे एक खरोखर अवघड आक्षेप येतो, आणि वादात भाग घेणाऱ्यांनी तो क्वचितच मांडला आहे. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्हने सुमारे शंभर वर्षांपूर्वी मोझ्झूखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडून दाखवले आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसले. मग हॅकमनच्या न बदलणाऱ्या चेहऱ्यात आपल्याला जी वेगवेगळी माणसे दिसतात तीही संकलकाची किमया नसेल कशावरून? 'द कॉन्व्हर्सेशन'च्या बाबतीत तर हा आक्षेप विशेष टोकदार आहे, कारण वॉल्टर मर्चचे ध्वनी आणि संकलन हा त्या चित्रपटाचा अर्धा प्राण आहे. मर्चचे ऋण मी नाकारत नाही. पण कुलेशोव्हचा प्रयोग चालतो तो चेहरा स्थिर आणि दृश्य छोटे असताना. फोनचा तो प्रसंग लांब दृश्यांत, फारशी काटछाट न करता चित्रित झाला आहे. कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही, हॅकमन चौकटीबाहेर जातो आणि परत येतो. तिथे दोन दृश्यांच्या सांध्यातून अर्थ तयार करायला संकलकाला वावच नाही. जे आहे ते नटाच्या खांद्यांत, आवाजाच्या पट्टीत आणि वाक्याच्या शेवटी तो घेतो त्या छोट्या विरामांत आहे.

'स्केअरक्रो' (१९७३) चा शेवटही असाच निर्णायक पुरावा आहे. जेरी शॅट्झबर्गच्या या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर विभागून मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते 'द कॉन्व्हर्सेशन'ला मिळाले. सलग दोन वर्षे ज्याच्या मुख्य भूमिकेतले चित्रपट तिथे पहिले आले असे नट फार नाहीत. तरी अमेरिकेत 'स्केअरक्रो' चालला नाही, आणि हॅकमनला ते लागले, कारण हे त्याचे स्वतःचे आवडते काम होते. तुरुंगातून सुटलेला मॅक्स अंगावर कपड्यांचे थर चढवून फिरतो, कोणावर विश्वास ठेवत नाही, पिट्सबर्गला जाऊन गाड्या धुण्याचा धंदा काढायचा एवढेच त्याचे स्वप्न. वाटेत भेटलेला लायन, म्हणजे अल पचिनो, त्याला हसायला शिकवतो. एका दारूच्या गुत्त्यात मारामारी पेटणार इतक्यात मॅक्स एकेक कपडा काढत नाच सुरू करतो आणि सगळ्यांना हसवतो. मुठीने बोलणारा माणूस पहिल्यांदा विदूषक होणे पत्करतो. शेवटी लायन इस्पितळात आहे आणि मॅक्स तिकिटाच्या खिडकीशी उभा राहून पिट्सबर्गचे तिकीट मागतो, पण जाण्याचे आणि येण्याचे. पैसे कमी पडतात. तो बूट काढतो, टाचेत लपवलेली नोट बाहेर काढतो आणि बूट पुन्हा जागेवर बसवण्यासाठी काउंटरवर आपटतो. मित्रासाठी परत येणार, असे एकही वाक्य तो बोलत नाही. ज्यांना अष्टपैलुत्व म्हणजे ओळखू न येणे वाटते त्यांनी सांगावे की या प्रसंगात खोटे नाक कुठे लावायचे?

तरीही एक आक्षेप उरतोच, की हॅकमनची माणसे बहुतेक अधिकार गाजवणारी, तापट, मध्यमवयीन पुरुष आहेत: पोलीस, कप्तान, शेरीफ, प्रशिक्षक. यात तथ्य आहे. तो कधी रोमँटिक नायक झाला नाही आणि ज्या माणसांचे जग त्याच्या जगापासून फार दूर होते तिथे तो चाचपडला. 'अ ब्रिज टू फार' (१९७७) मधला त्याचा पोलिश सेनानी सोसाबोव्स्की उच्चारापाशीच अडखळतो. पण अधिकार हा शब्द लावला की सगळे एकसारखे होतात का? 'हूझियर्स' (१९८६) मधला बास्केटबॉल प्रशिक्षक नॉर्मन डेल आपल्याच एका खेळाडूला मारल्यामुळे आयुष्य हरवून बसलेला आहे. अंतिम सामन्यासाठी तो खेड्यातल्या पोरांना इंडियानापोलिसच्या प्रचंड क्रीडागृहात नेतो, तेव्हा ती भेदरलेली असतात. तो भाषण करत नाही, टेप काढायला लावतो आणि फ्री थ्रोच्या रेषेचे पंधरा फूट, रिंगची दहा फूट उंची त्यांच्याकडूनच मोजून घेतो. गावातल्या मैदानाएवढीच मापे. ज्याला स्वतःच्या रागाची भीती वाटते असा माणूस इतरांची भीती कशी शांत करतो, ते यात दिसते. लिटल बिल आपल्या रागाला न्याय समजतो आणि नॉर्मन डेल आपल्या रागाला गुन्हा समजतो. ज्याला हे दोघे सारखेच वाटतात त्याने फक्त गणवेश पाहिला आहे. शिवाय ज्या वर्षी त्याने हॅरी कॉल साकारला त्याच १९७४ मध्ये तो 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मधला आंधळा साधू होता, स्वतः मागून घेतलेली ही छोटी भूमिका, दाढीमिशांत तो ओळखूही येत नाही. मूळ श्रेयनामावलीत त्याचे नावही नव्हते. वेषांतर त्याला येत होते. गरम सूप पाहुण्याच्या मांडीवर ओतण्यातली वेळेची अचूकता मात्र दाढीमुळे आलेली नाही.

त्याने सुमार चित्रपटही बरेच केले, काही निव्वळ पैशासाठी केले, हे त्याचे चाहते झाकतात. झाकण्याचे कारण नाही. 'द डोमिनो प्रिन्सिपल' किंवा चौथा 'सुपरमॅन' पाहायला मी कोणालाही सांगणार नाही. पण सर्वोत्तम चित्रपटांचा प्रश्न सरासरीचा प्रश्न नसतो. २००४ मध्ये पडद्यावरून निवृत्त होण्याआधी त्याने 'द रॉयल टेननबॉम्स' (२००१) दिला, आणि तो चित्रपट एकटा अनेक वाया गेलेल्या वर्षांची भरपाई करतो. १९७० मध्ये 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर'मध्ये तो कठोर बापाशी नाते न जुळलेला मुलगा होता. आता तो मुलांना सोडून गेलेला, कॅन्सरची खोटी बतावणी करून घरात शिरणारा बाप आहे, आणि ते आपुलकीचे हसू आता पूर्ण लबाडीचे आहे. शेवटी घरातला कुत्रा मरतो. रॉयल अग्निशामक दलाच्या माणसांकडून जागच्या जागी दुसरा कुत्रा विकत घेऊन थोरल्या मुलाच्या हाती देतो. मुलगा म्हणतो, हे वर्ष फार जड गेले, बाबा. हॅकमन 'मला माहीत आहे' एवढेच उत्तर देतो, आणि त्या दोन-चार शब्दांत पहिल्यांदा रॉयल काही विकत नसतो. ज्याचा बाप हात हलवून निघून गेला होता अशा नटाने परत येणाऱ्या बापाला स्वस्त क्षमा मिळू दिली नाही, याचे मला फार मोल वाटते.

राहता राहिला 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१), ज्याने त्याला पहिले ऑस्कर मिळवून दिले आणि जो पहिला का नाही असे मला विचारले जाईल. तो थोर चित्रपट आहे. थंडीत उभा राहून पोपाय डॉयल पिझ्झाचा तुकडा चावतो, समोरच्या काचेआड तस्कर शार्निए सावकाश जेवत असतो, आणि डॉयल हातातली बेचव कॉफी रस्त्यावर ओतून देतो: वर्गद्वेषाचे एवढे नेमके चित्र क्वचित सापडते. हॅकमनला डॉयलच्या क्रौर्याचा आणि वंशद्वेषाचा इतका त्रास झाला की सुरुवातीला त्याला भूमिका सोडावीशी वाटली, आणि त्या अस्वस्थतेचा फायदा भूमिकेला झाला. पण विल्यम फ्रीडकिनने हा चित्रपट वेगावर उभा केला आहे आणि डॉयल पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत एकाच दिशेने धावतो. चुकून आपल्याच बाजूचा माणूस मारल्यावरही तो थांबत नाही, पिस्तुलात गोळ्या भरतो आणि अंधाराकडे जातो. तो बदलणारच नाही, हेच त्या भूमिकेचे सामर्थ्य आहे. त्यामुळे हॅकमनचे एक टोक तिथे पूर्णपणे दिसते, पण एकच टोक. हॅरी कॉलच्या आत मात्र डॉयल आहे, मॅक्स आहे, पुढे येणाऱ्या नॉर्मन डेलची लाजही आहे, आणि ही सगळी माणसे एका प्लॅस्टिकच्या रेनकोटाखाली, एका हळू आवाजात दाबून ठेवलेली आहेत. म्हणून ज्याने हॅकमनचा एकही चित्रपट पाहिलेला नाही त्याने मोटारीच्या पाठलागापासून सुरुवात करू नये. हॅरीच्या त्या फोनपासून करावी, आणि त्यानंतर लगेच 'अनफरगिव्हन' पाहावा.